दैनंदिन साहाय्य : घरातील परिचर्येचे शास्त्र

सकाळी अंथरुणातून उठणे, शौचास जाऊन येणे, अंघोळ करणे, अंगावर कपडे चढविणे आणि पानावर बसून चार घास खाणे, ह्या क्रिया निरोगी माणूस इतक्या सहजपणे करतो की, त्यांना काही शक्ती लागते आणि काही कौशल्य लागते, ह्याची त्यास जाणीवही नसते. परंतु अर्धांगवायू, पाठीच्या कण्याची इजा, कंपवात, संधिवात, स्मृतिभ्रंश किंवा केवळ अतिवार्धक्य ह्यांमुळे ह्यांपैकी एकेक क्रिया हातची जाऊ लागली म्हणजे दुसऱ्या माणसाचा हात रोज घ्यावा लागतो. राहत्या घरी असा हात देणे ह्यास घरगुती परिचर्या म्हणतात. रोगाचे निदान व औषधयोजना हे वैद्याचे काम होय. दिवसाचे उरलेले सर्व तास परिचर्येचे असतात.

हा प्रश्न थोड्या घरांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात साठ वर्षे व त्यांवरील वयाचे सुमारे १० कोटी ४० लक्ष लोक होते. २०१७-१८ साली देशभर केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत अशा वृद्धांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोकांना दैनंदिन क्रियांपैकी निदान एक क्रिया करताना अडचण येते, असे दिसून आले. अपघाताने किंवा आजाराने तरुणपणीच परावलंबी झालेले लोक ह्यांत धरलेले नाहीत.

परिचर्येस माया असली म्हणजे पुरे, अशी समजूत आहे. माया हवीच, परंतु केवळ मायेपोटी केलेली कित्येक कामे अपाय करतात. मायेनेच आजोबांना दिवसभर हलू दिले जात नाही, मायेनेच लाल झालेली पाठ जोराने चोळली जाते आणि निजलेल्या आजीच्या तोंडात मायेनेच पाणी घातले जाते. ही तिन्ही कामे घातक का, हे शरीराचे व्यापार समजून घेतल्यावाचून कळत नाही. म्हणून परिचर्या ही शिकण्याची विद्या आहे.

साहाय्याचे माप

कोणास किती साहाय्य द्यावे, हा पहिला प्रश्न. रोगाच्या नावावरून त्याचे उत्तर मिळत नाही. अर्धांगवायू झालेल्या दोघांपैकी एक जण काठी टेकीत अंगणात जातो, तर दुसऱ्यास कूसही पालटता येत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील सिडनी कॅट्झ ह्या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ह्यासाठी एक साधे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांनी सहा क्रिया निवडल्या : अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचविधी उरकणे, बिछान्यातून खुर्चीत व खुर्चीतून बिछान्यात जाणे, मलमूत्रावर ताबा ठेवणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. ह्यांपैकी प्रत्येक क्रिया माणूस दुसऱ्याच्या मदतीवाचून करू शकतो की नाही, एवढेच पाहावयाचे.

ह्या अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट आढळली. ह्या क्रिया वाटेल त्या क्रमाने हातच्या जात नाहीत. बहुधा अंघोळ आधी सुटते आणि जेवण सर्वांच्या शेवटी. आजारातून उठणारा माणूस ह्या क्रिया परत मिळवितो, तो पुष्कळदा उलट्या क्रमाने. आणि तो क्रम लहान मूल ज्या क्रमाने स्वावलंबी होते त्याच्याशी जुळतो. मूल प्रथम स्वतःच्या हाताने खाऊ लागते. एकट्याने अंघोळ करू लागते ते पुष्कळ उशिरा.

ह्या मोजमापाचा घरी मोठा उपयोग आहे. सहाही क्रियांची यादी करून प्रत्येकीपुढे 'स्वतः', 'थोड्या मदतीने' किंवा 'पूर्ण मदतीने' असे लिहावे व दर महिन्यास ती पुन्हा पाहावी. जी क्रिया 'स्वतः' ह्या सदरात आहे, तीत हात घालू नये. न वापरलेला स्नायू झपाट्याने क्षीण होतो आणि न हलविलेला सांधा आखडतो; एकदा आखडलेला गुडघा सरळ करणे अतिशय कष्टाचे असते. म्हणून गरजेपेक्षा कमी साहाय्य जसे वाईट, तसेच गरजेपेक्षा अधिक साहाय्यही वाईट. सदऱ्याची गुंडी लावण्यास वृद्धास पाच मिनिटे लागत असतील, तर ती पाच मिनिटे त्यास द्यावी.

'थोड्या मदतीने' ह्या सदरातील क्रियेचे लहान लहान टप्पे पाडावे आणि जो टप्पा जमत नाही तेवढ्यापुरतीच मदत करावी. अर्धांगवायूने एक हात निकामी झाला असेल, तर कपडा घालताना बाही प्रथम निकामी हातात चढवावी आणि काढताना ती त्या हातातून शेवटी काढावी. चांगला हात वळतो, वाकतो. निकामी हात वळत नाही. म्हणून मोकळ्या कपड्यात आधी त्यास जागा द्यावयाची. एवढा एक नियम पाळल्यास पुष्कळ रुग्ण आपला सदरा स्वतः घालू शकतात.

कातडीचे रक्षण

फार काळ एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीस, कमरेस, खुब्यास व टाचांस जे व्रण पडतात, त्यांस शय्याव्रण म्हणतात. तो पडण्यास काही तास पुरतात, पण भरून येण्यास कित्येक महिने लागतात. जंतूंचा प्रवेश होऊन त्याने मृत्यूही ओढवतो.

व्रण का पडतो, हे समजण्यासाठी एक छोटा प्रयोग करून पाहावा. अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबावे. नखाखालची गुलाबी जागा पांढरी पडते. बोट उचलताच ती पुन्हा गुलाबी होते. दाबामुळे तेथील केशवाहिन्या मिटल्या आणि रक्त येणे थांबले, म्हणून ती जागा पांढरी झाली. युजीन लँडिस ह्या शास्त्रज्ञाने १९३० साली माणसाच्या नखालगतच्या केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब मोजला. धमनीकडील टोकास तो सरासरी सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. बाहेरून ह्याहून अधिक दाब सतत पडत राहिला, तर रक्तप्रवाह खुंटण्याचा संभव असतो.

शरीराचे वजन तेच असले, तरी ते जितक्या कमी जागेवर पेलले जाते तितका दाब वाढतो. म्हणूनच जेथे हाड कातडीलगत असते, अशा माकडहाडाच्या वरच्या भागावर, खुब्यावर, घोट्यावर व टाचेवर व्रण अधिक पडतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस पालटतो. पक्षाघात झालेल्या माणसास ती सूचना मिळत नाही, किंवा मिळाली तरी हलता येत नाही. मायकेल कोसियाक ह्याने १९५९ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाब व काळ ह्यांचा संबंध दाखविला : थोडा दाब पुष्कळ वेळ राहिला अथवा पुष्कळ दाब थोडा वेळ राहिला, तरी इजा होते. पुष्कळ दाबापेक्षा अखंड दाब अधिक भयंकर, हा ह्यावरून मिळणारा धडा होय.

हे ज्ञान सहजासहजी मिळाले नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील ख्यातनाम मज्जातंतुवैद्य झां मार्तँ शार्को ह्याचे मत असे होते की, हे व्रण मेंदूच्या व मज्जारज्जूच्या विकारामुळे पडतात. अर्थात ते टाळता येत नाहीत, असाच त्याचा अर्थ होई. त्याच काळातील ब्राउन-सेकार ह्याने मज्जारज्जू तोडलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, दाब व ओल टाळल्यास असे व्रण टाळता येतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनेही १८५९ च्या अखेरीस निघालेल्या आपल्या पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, असे स्पष्टपणे सांगितले. पुढे १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गटमन ह्याने कण्यास इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी त्यांची कूस पालटण्याचा शिरस्ता घातला. जे रुग्ण थोड्याच काळात दगावणार असे समजले जाई, त्यांतील पुष्कळ जगले आणि कामधंद्यास लागले. ह्यामागे कोणतेही नवे औषध नव्हते. घड्याळ आणि माणसांचे हात होते.

घरी कूस पालटताना रुग्णास अगदी आडव्या कुशीवर ठेवू नये, कारण त्याने सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीशी उशी देऊन शरीर सुमारे ३० अंशांनी कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा अधांतरी राहतील. पाठीकडील बाजू फार वेळ उंच ठेविल्यास शरीर खाली घसरते. कातडी चादरीस चिकटून राहते आणि आतील हाड पुढे सरकते. ह्या ओढाताणीने आतील रक्तवाहिन्या पिळल्या जातात. मल, मूत्र व घाम ह्यांनी भिजलेली कातडी अधिक लवकर फाटते, म्हणून ती लगेच स्वच्छ करून कोरडी करावी. दोन तासांचा नियम सर्वांस सारखाच लागू नसतो. गादीचा प्रकार व कातडीची स्थिती पाहून तो कमीअधिक करावा.

रोज एकदा कातडी उजेडात पाहावी. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावर आधी पांढरी होऊन मग पुन्हा लाल झाली, तर रक्तप्रवाह चालू आहे. ती पांढरी न होता तशीच लाल राहिली, तर व्रणाचा आरंभ झाला असे समजावे. सावळ्या व काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे आसपासच्या भागापेक्षा ती जागा गरम, थंड, कठीण किंवा दुखरी लागते काय, हे हाताने पाहावे. अशी जागा चोळू नये; आत इजा झालेल्या वाहिन्या चोळल्याने अधिक फाटतात. तिच्यावरील भार काढणे हाच पहिला उपाय होय.

उठविणे आणि बसविणे

माणूस उभा राहिला म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. निरोगी शरीर क्षणार्धात रक्तवाहिन्या आवळून मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते. फार दिवस पडून राहिलेल्या शरीराची ही सवय मोडते; त्यास एकदम उभे केल्यास घेरी येऊन ते कोसळते. म्हणून प्रथम त्यास बिछान्याच्या कडेशी, पाय जमिनीस टेकवून, काही मिनिटे बसवावे. चक्कर येत नाही हे विचारावे आणि मगच उभे करावे.

उचलणाऱ्याची पाठही जपली पाहिजे. समजा, २० किलोग्रॅम भार कण्यापासून ५० सेंटिमीटर अंतरावर हातांत धरला आहे. पाठीचे स्नायू कण्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढतात. तरफेच्या नियमाप्रमाणे २० गुणिले ५० म्हणजे १०००. त्यास ५ ने भागले असता २०० येतात. म्हणजे २० किलोग्रॅमच्या भारासाठी पाठीच्या स्नायूंना २०० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. तोच भार २० सेंटिमीटर अंतरावर आणला, तर ८० किलोग्रॅमवर भागते. रुग्णास अंगाजवळ घ्यावे, गुडघे वाकवावे, कंबर वाकवू नये, हा उपदेश ह्या साध्या गणितातून आला आहे. माणसास हाताने उचलताना अनुकूल स्थितीतही एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोग्रॅमहून अधिक भार येऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञ टॉमस वॉटर्स ह्याने २००७ साली सुचविली. प्रौढ माणसाचे वजन तिच्या कित्येक पट असते. तेव्हा शक्य तेथे उचलू नये, सरकवावे. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी धरल्यास काम सोपे होते. निकामी हात ओढून किंवा काखेत हात घालून रुग्णास कधीही उठवू नये, कारण दुबळ्या स्नायूंचा खांदा सहज निखळतो.

घास आणि पाणी

अन्ननलिका व श्वासनलिका ह्यांची तोंडे घशात शेजारी शेजारी असतात. गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटते. मेंदूच्या विकारात हे मिटणे उशिरा किंवा अपुरे होते आणि अन्नाचा कण फुप्फुसात उतरतो. कधी कधी त्यावर खोकलाही येत नाही. म्हणून रुग्णास ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावा. मागचा घास गिळला हे पाहून पुढचा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. पाण्यासारखा पातळ पदार्थ घशातून भरकन उतरतो व आवरत नाही. पेजेसारखा दाट पदार्थ कित्येकांस सोपा जातो. जेवताना ठसका लागत असेल किंवा नंतर आवाज ओला, घोगरा येत असेल, तर वैद्यास दाखवावे.

तोंडाची स्वच्छता हाही फुप्फुसाच्या रक्षणाचाच भाग आहे. तोंडातील जंतू लाळेबरोबर खाली उतरतात. जपानमधील अकरा शुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांचे दात व तोंड प्रत्येक जेवणानंतर नीट स्वच्छ केले जात होते, त्यांपैकी ११ टक्क्यांस फुप्फुसदाह झाला. इतरांत हे प्रमाण १९ टक्के होते. दात पडलेल्या माणसाच्याही हिरड्या व जीभ मऊ ओल्या फडक्याने पुसल्या पाहिजेत.

निर्णय कोणाचा

शरीर परावलंबी झाले म्हणजे मनही परावलंबी होते, असे नाही. एड रॉबर्ट्स हा अमेरिकन तरुण पोलिओने मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा झाला होता आणि रात्री श्वासोच्छ्वासासाठी लोखंडी फुप्फुस ह्या यंत्रात झोपत असे. १९६२ साली त्याने बर्कली येथील विद्यापीठात प्रवेश मिळविला. १९७२ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे स्वतंत्र जीवनासाठी एक केंद्र उभारले. त्यांचे म्हणणे असे की, स्वातंत्र्य म्हणजे सर्व कामे स्वतःच्या हातांनी करणे नव्हे. ती कामे केव्हा व कशी व्हावीत हे स्वतः ठरविणे होय. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात व्यक्तिगत साहाय्याचा उल्लेख आला, तो ह्याच विचाराचे फळ होय. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. २०१६ च्या भारतीय कायद्यात परिचारकाची व्याख्या आहे आणि तीत मोबदला न घेणारे कुटुंबीयही येतात.

घरात ह्याचा अर्थ सोपा आहे. अंघोळ सकाळी की सायंकाळी, सदरा निळा की पांढरा, दार उघडे की लोटलेले, हे ज्याचे अंग आहे त्यास विचारावे. अंगास हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे. स्नान घालताना धुवावयाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकीचे अंग झाकावे. बोलता येत नसले, तरी ऐकू येत असते. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू नये.

परिचारकाचा भार

हे सर्व करणारा मनुष्य बहुधा घरातील स्त्री असते. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत, घरातील माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसास सरासरी १३४ मिनिटे व पुरुष ७६ मिनिटे देतात, असे आढळले. ह्या आकड्यांत मुलांची देखभालही आली. पूर्ण परावलंबी माणसाच्या घरी तर रात्रही अखंड मिळत नाही. झोपमोड, पाठदुखी व एकटेपणा ह्यांनी थकलेल्या हातांकडून कूस पालटण्याची वेळ चुकते आणि त्याचा परिणाम रुग्णाच्या कातडीवर उमटतो.

ह्यावरील एक उपाय केरळात दिसतो. कोझिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली वेदनाशामक व परिहार सेवेची एक संस्था सुरू झाली. एम. आर. राजगोपाल व सुरेश कुमार हे वैद्य तिच्या संस्थापकांत होते. बाह्यरुग्ण विभागापर्यंत येऊच न शकणारे रुग्ण पुष्कळ आहेत, हे लक्षात आल्यावर सेवा घरोघर नेण्यात आली. २००१ च्या सुमारास मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले : गावातील सामान्य स्त्रीपुरुष थोडे शिक्षण घेऊन आठवड्यातील काही तास जवळच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी देऊ लागले आणि त्यांच्या मागे परिचारिका व वैद्य उभे राहिले. २००८ साली केरळ सरकारने ह्याविषयीचे धोरण जाहीर केले व पुढे ग्रामपंचायतींनी गृहभेटींची व्यवस्था चालविली. शेजारी वैद्याची जागा घेत नाही; परंतु तो दोन तास बसला, तर घरच्या माणसास झोप मिळते, बाजारहाट करता येते, आणि कूस पालटण्यास दुसरा हात मिळतो.

परिचर्येतील प्रत्येक काम पाहावयास क्षुल्लक आहे. उशी सरकविणे, चादर ताणणे, घास थांबून देणे, गुंडी स्वतः लावू देणे, ह्यांत शौर्य वा चमत्कार काहीच नाही. परंतु ही कामे वेळेवर व समजून झाली तर अर्धांगवायू झालेला माणूस पुन्हा अंगणापर्यंत जातो. न झाली तर तोच माणूस त्याच खोलीत व्रणाने दगावतो. एका कुशीवर निजलेल्या माणसाच्या घरात भिंतीवरचे घड्याळ कोण पाहतो आणि त्याची पाळी संपल्यावर दुसरे कोण पाहते, हे आधी ठरवून ठेवावे. परिचर्येचा आरंभ तेथूनच होतो.